थेंब तरंगला म्हणून

ऑगस्टमध्ये पुण्यात कुणाच्या प्लेटलेट उतरल्या की पहिलं नाव तोंडात येतं ते डेंगीचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दादाला ताप आला, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि कुठेही न आपटता मांडीवर निळे-काळे डाग उठले, तेव्हा आम्हीही डेंगीच म्हटलं. आमच्या विठ्ठलवाडीच्या गल्लीत त्या आठवड्यात चार घरी डेंगीचे पेशंट होते. आईने पपईच्या पानांचा रस काढला, शेजारच्या काकूंनी किवी आणून दिली आणि दादा जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला. प्लेटलेट १४ हजार.

हे सगळं दोन वर्षांनी लिहायला बसले आहे, कारण गेल्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला सिव्हिअर ॲप्लास्टिक ॲनिमिया सांगितलाय, म्हणजे हाडांतला मॅरो रक्ताच्या पेशी बनवायचं जवळजवळ थांबवतो तो आजार. त्यांनी विचारलं, “त्याची बहीण रक्त द्यायला तयार आहे, देऊ दे ना?” मी जवळजवळ ओरडलेच, “नको, थांबा.” मग त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पण ज्या चुकीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आम्ही जाऊन आलो, ती दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये.

त्या छोट्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला सांगितलं, “एसडीपी लागेल, घरचे डोनर आणा, लवकर काम होईल.” एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या रक्तातून मशिनने प्लेटलेट तेवढ्या काढून घ्यायच्या आणि बाकीचं रक्त त्याच्याच अंगात परत सोडायचं. दीडेक तास लागतो. घरचे डोनर म्हटल्यावर कोण मागे राहणार? ताई रात्रीच्या एसटीने नाशिकहून आली आणि सकाळी तिने दिलं. आत्येभावाने दिलं. तिसऱ्या दिवशी मी गेले.

रक्तपेढीत बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते मोरचुदाचं पाणी असतं, ठरावीक घनतेचं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब सरळ तळाला जातो, कमी असेल तर वर राहतो. माझा थेंब जरासा खाली गेला, थबकला आणि परत वर येऊन तरंगायला लागला. तिथल्या बाईंनी शांतपणे फॉर्म बाजूला ठेवला. “ताई, तुम्हाला नाही देता येणार. आधी स्वतःचं बघा.” मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि खूप रडले. ताई नाशिकहून येऊन देते, आणि मी त्याच्याच घरात राहून दादाला एक पिशवी देऊ शकत नाही, हे मनात इतकं खुपलं की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

डेंगीच्या टेस्ट दोन्ही निगेटिव्ह आल्या होत्या. “कधी कधी रिपोर्ट चुकतो,” असं सांगून दादाला बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली आणि दिलेल्या प्लेटलेटवर काउंट ३८ हजार दिसला तसा डिस्चार्ज मिळाला. हिमोग्लोबिन तेव्हा ६.८ होतं आणि पांढऱ्या पेशी १,८००. या तिन्ही आकड्यांकडे एकत्र कुणी बघितलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. डेंगीत प्लेटलेट पडतात, पण आठ-दहा दिवसांत त्या आपणहून वर यायला लागतात. आणि रक्तस्राव नसताना हिमोग्लोबिन असं घसरत नाही, उलट रक्त दाट होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम खाली असतील आणि दोन आठवड्यांनीही खालीच असतील, तर रक्तविकारतज्ज्ञांना म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना गाठा. आमचे साडेतीन आठवडे गेले.

गौरीजेवणाच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, दादाच्या नाकातून रक्त सुरू झालं ते दोन तास थांबेना. पुरणाची पानं तशीच मांडलेली राहिली. रिक्षाने मोठं हॉस्पिटल गाठलं. रात्री उशिरा हिमॅटॉलॉजिस्ट मॅडम आल्या, फाइल चाळली, दादाची जीभ बघितली, डाग बघितले. मग आमच्याकडे वळून त्यांचा पहिला प्रश्न होता, “आतापर्यंत याला कुणाकुणाचं रक्त दिलंय? घरातल्यांचं दिलंय का?”

बाबांनी थोड्या अभिमानानेच सांगितलं, हो, ताईचं आणि भाच्याचं. मॅडमच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “आणि हिचं?” मी मान खाली घालून सांगितलं, माझं घेतलं नाही, हिमोग्लोबिन कमी होतं. त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता याच्यापुढे घरातल्या एकाचंही रक्त याला द्यायचं नाही.”

कारण त्यांनी नीट समजावलं. हा आजार त्यांना वाटतोय तोच असेल, तर कदाचित मूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल, आणि त्यासाठी पहिली शोधाशोध सख्ख्या भावंडांतच होते. ज्याच्या मूळपेशी पुढे घ्यायच्या, त्याच्या पेशी पेशंटच्या शरीराला आधीच दाखवून ठेवू नयेत. शरीर त्यांची ओळख धरून ठेवतं आणि खरी वेळ आली की त्यांना रुजू देत नाही. दिलं म्हणजे सगळी वाट बंद झाली असं नाही, पण मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. ॲप्लास्टिक ॲनिमियात हा धोका मुळातच असतो, कारण पेशंटची प्रतिकारशक्ती तिथे जागी असते आणि चवताळलेली असते. आई-वडील, काका, आत्या, चुलतभावंडं, सगळ्यांनाच हे लागू. शिवाय नात्यातल्या रक्ताने आणखी एक दुर्मीळ पण जिवावरची गुंतागुंत होऊ शकते, म्हणून अशा पेशंटला रक्त देताना ते इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणांचा मारा केलेलं, आणि पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं हवं. हे दोन शब्द तेव्हाच वहीत लिहून ठेवले, आणि नंतर प्रत्येक पिशवीच्या लेबलवर ते शोधायची सवय लागली.

रक्ताच्या नात्याने रक्त द्यायचं नाही, हे आईच्या गळी उतरायला फार दिवस लागले. नातेवाईक फोन करून विचारायचे, “आम्ही परके आहोत का?” त्यांना मी एवढंच म्हणायचे, “परके नाही आहात, म्हणूनच नको.” मग ती माणसं दुसऱ्या पेशंटसाठी रक्त देऊन आली आणि दादासाठी खरोखरच परकी माणसं उभी राहिली. भोसरीतल्या त्याच्या कंपनीतली पोरं आली, आमच्या मंडळाचे कार्यकर्ते विसर्जन मिरवणुकीचा गुलाल धुऊन आले. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते, तीही सतत हलवत ठेवून. त्यामुळे आज दहा जणांनी देऊन ठेवलं आणि महिनाभर पुरलं, असं होत नाही. दर तीन-चार दिवसांनी नवा माणूस लागतो. ट्रान्सप्लांटपर्यंत आणि त्यानंतर मिळून एकोणीस एसडीपी लागले. त्या एकोणीस जणांपैकी सहा जणांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही.

कमरेच्या हाडातून मॅरो काढून तपासला. रिपोर्टमध्ये होतं, सेल्युलॅरिटी १० टक्क्यांपेक्षा कमी. जिथे रक्ताच्या पेशी दाटीवाटीने असायला हव्यात तिथे नुसती चरबी. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, २८०. पाचशेच्या खाली न्यूट्रोफिल आणि वीस हजारांच्या खाली प्लेटलेट असतील, मॅरो असा ओस पडलेला असेल, तर त्याला सिव्हिअर म्हणतात. न्यूट्रोफिल दोनशेच्या खाली गेले की व्हेरी सिव्हिअर. हा कॅन्सर नाही. बहुतेकांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मूळपेशींना मारत सुटते, आणि का, ते बहुतेक वेळा सापडत नाही. बाबा मात्र कितीतरी दिवस एकाच गोष्टीत अडकून राहिले. भोसरीच्या त्या मशिनशॉपमध्ये दादाला त्यांनीच चिकटवलं होतं. तिथल्या तेला-कूलंटमुळे हे झालं का, असं त्यांनी मॅडमना तीन वेळा विचारलं. मॅडमनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं की बेंझिनसारख्या रसायनांनी मॅरोवर परिणाम होतो हे माहीत आहे, पण याच्या बाबतीत तसं म्हणायला काही आधार नाही. बाबा मान डोलवायचे आणि रात्री परत तेच बोलायचे.

मॅडमनी लगेच एचएलए टेस्ट सांगितली, म्हणजे कुणाचा मॅरो दादाला जुळतो ते बघणारी तपासणी. “पेशंट चाळिशीच्या आतला असेल आणि भावंड पूर्ण जुळलं, तर औषधांवर वेळ न घालवता आपण थेट ट्रान्सप्लांटकडे जातो,” असं त्या म्हणाल्या. दादा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. भावंड जुळत नसेल तर एटीजी नावाचं इंजेक्शन, सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या हा मार्ग असतो. दात्रीसारख्या नोंदणी संस्थांत परका दाता शोधता येतो. अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाचा मॅरोही आता वापरतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले, ते आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. ताई अर्धी जुळली. मी दहापैकी दहा.

ताई माझ्याआधी रडली. मग म्हणाली, “माझं घेतलं ते घेतलं, पण तुझं नाही घेतलं गं.” त्या दिवशी मला तो निळ्या पाण्यावर तरंगणारा थेंब आठवला, आणि रक्तपेढीतल्या त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

पण तेच कमी हिमोग्लोबिन घेऊन मॅरो देता येणार नव्हता. शिवाय भावाला मॅरोचा आजार आणि बहिणीचं हिमोग्लोबिन कमी, म्हणजे हा घराण्यातून आलेला प्रकार तर नाही ना, हे बघणं भाग होतं. दादाची फॅन्कोनी नावाच्या अशाच आनुवंशिक आजारासाठीची टेस्ट केली, माझाही मॅरो तपासला. निघालं एवढंच, की माझ्या शरीरातलं लोह संपलं होतं. फेरिटिन ६. किती बायकांचं असंच असेल आणि कुणी विचारतसुद्धा नाही. दोन महिने लोहाच्या गोळ्या, खजूर आणि अळिवाचे लाडू चालू होते. डिसेंबरात हिमोग्लोबिन १२.६ झालं.

पैशांबद्दल थोडक्यात लिहिते. आमचे सगळे धरून साडेबारा लाखांच्या आसपास गेले. बाबांचा पीएफ, वेल्ह्याच्या जमिनीचा तुकडा आणि देणगीदार. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. आम्हाला हे उशिरा कळलं.

ट्रान्सप्लांट म्हणजे मोठं ऑपरेशन असेल अशी आईची समजूत होती. पेशंटवर तसं ऑपरेशन होतच नाही. आधी काही दिवस केमोची औषधं आणि एटीजी देऊन त्याची जुनी, चवताळलेली प्रतिकारशक्ती मोडतात. एटीजीच्या पहिल्या दिवशी दादाला इतकी थंडी वाजून आली की पलंग हलत होता, असं सिस्टर सांगत होत्या. मग ज्या दिवशी मॅरो चढवतात तो डे झीरो. आधीचे दिवस मायनसमध्ये मोजतात, नंतरचे प्लसमध्ये. वॉर्डात तारीख कुणी विचारतच नाही.

माझं काम डे झीरोच्या सकाळी होतं. काही आजारांत दात्याच्या दंडातून मशिनने मूळपेशी घेतात, पण ॲप्लास्टिक ॲनिमियात शक्यतो मॅरोच घेतात, कारण त्यात पुढे जीव्हीएचडीचा, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटण्याचा धोका कमी असतो. मला भूल दिली, पालथं झोपवलं आणि कमरेच्या मागच्या हाडात दोन्ही बाजूंनी सुया घालून साधारण ९०० मिली मॅरो काढला. मला काहीच कळलं नाही. जाग आली तेव्हा कमरेला घट्ट पट्टी आणि घसा कोरडा. पुढचे आठ-दहा दिवस जिन्यावरून घसरून पाठीवर आपटल्यासारखं दुखत होतं, खाली वाकता येत नव्हतं, एवढंच. मॅरो काही आठवड्यांत परत भरून येतो. आज कमरेवर बारीक ठिपके शोधूनही सापडत नाहीत.

पिशवी मी नंतर ताईने काढलेल्या फोटोत बघितली. रक्तासारखीच लाल, पण जरा दाट, आणि वरच्या कडेला चरबीचे बारीक पिवळे ठिपके. ती रक्ताच्या पिशवीसारखीच स्टँडला लावली आणि दादाच्या छातीतल्या सेंट्रल लाइनमधून थेंब थेंब आत गेली. हाडात नेऊन कुणी घालत नाही. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपलं ठिकाण स्वतः शोधतात आणि तिथे रुजतात. हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. म्हणाले, “म्हणजे पेरणीच की. आता उगवायची वाट बघायची.”

वाट बघणं हेच सगळ्यात कठीण होतं. दादा काचेपलीकडे, आम्ही इंटरकॉमवर. तोंडात फोड, थुंकी गिळवत नव्हती, केस उशीवर. रोज सकाळी साडेदहाला रिपोर्ट यायचा आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरचे सगळे नातेवाईक एकमेकांना एकच विचारायचे, “काउंट आले का?” कोल्हापूरच्या एका मावशींचा मुलगा शेजारच्या खोलीत होता, त्या दादाचेही आकडे पाठ ठेवायच्या. दहाव्या दिवशी एएनसी २०. अकराव्याला २०. तेराव्याला ४०. पंधराव्याला परत २०, आणि आई देवळात जाऊन बसली ती दुपारपर्यंत आलीच नाही. सतराव्याला ११०. अठराव्याला २६०. एकोणिसाव्या दिवशी ५४०. सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिलं की मॅरो रुजला असं धरतात. एकविसाव्या दिवशी मावशींनी सगळ्या बाकड्याला पेढे वाटले. त्यांच्या मुलाचे काउंट तेव्हा अजून आले नव्हते. चार दिवसांनी आले.

घरी आल्यावरचं वर्षही सोपं नव्हतं. सिंहगड रोडवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि बांधकामाच्या धुळीतली बुरशी अशा पेशंटच्या फुप्फुसात घर करते. रस्त्याकडच्या खिडक्या आम्ही चिकटपट्टीने बंद केल्या. आईने दादासाठी दोन लिटरचा वेगळा कुकर आणला. त्याचं झाकण त्याच्यासमोरच उघडायचं, ताट लगेच वाढायचं, उरलेलं त्याला परत द्यायचं नाही. कोशिंबीर बंद, वरून पेरायची कोथिंबीर बंद, बाहेरचा प्रसाद बंद. चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला सीएमव्ही नावाचा व्हायरस वर आला, मग तळहातांवर जीव्हीएचडीचं लाल पुरळ. दोन्ही औषधांनी आटोक्यात आलं. सायक्लोस्पोरिन बारा-बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ, घड्याळ लावून. तिची रक्तातली लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. पुढच्या गणपतीत आत्याने पपनस आणलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरातूनच परत पाठवलं, कारण त्याने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आत्याला आधी राग आला, मग तिनेच सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.

आता दादा गोळ्यांशिवाय आहे. लहानपणच्या लसी त्याला परत पहिल्यापासून घ्याव्या लागताहेत. तो बी पॉझिटिव्ह होता, मी ओ पॉझिटिव्ह. काही महिन्यांनी रक्तपेढीच्या रिपोर्टवर त्याचा गट ओ आला. त्याच्या रक्ताच्या पेशी तपासल्या तेव्हा त्यात ९७ टक्के एक्सएक्स होत्या, म्हणजे बाईची गुणसूत्रं असलेल्या, म्हणजे माझ्या. तो कागद बाबांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय.

ज्या बाईंचा फोन आला होता, त्यांच्या मुलीची एचएलए टेस्ट झाली आहे, रिपोर्ट यायचाय. तिचं रक्त त्यांनी घेतलं नाही. मुलाचा गट ओ पॉझिटिव्ह, आणि त्याला गेल्या मंगळवारी एसडीपी हवं होतं. मी त्याची कुणीच लागत नाही. ऑफिसमधून अर्धी रजा टाकून स्वारगेटला रक्तपेढीत गेले. बोटाला टोचलं, थेंब निळ्या पाण्यात पडला. मी वाकून बघत राहिले. तो न थबकता सरळ तळाला गेला. मग रक्तपेढीतल्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला.